बाकाची कडी

बोस्टनच्या मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर डीकन होल्ब्रुकनं जोथम थेअरला गाठलं. चर्चच्या कारभाऱ्यांतला हा सगळ्यांत जुना माणूस. हातातला कॉड मासा शेपटीला धरून तसाच लोंबता ठेवत त्यानं विचारलं, "काय थेअर, मिसेस थेअरना नदीपलीकडचं चर्च मानवलं का? चार्ल्सटाऊनचे पाद्रीबुवा फार लांबण लावतात म्हणे." जोथम म्हणाला, "मानवलं की." डीकन खूश झाला. उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच बाईंनी येऊन सांगितलं होतं, मावसबहिणीला सोबत म्हणून रविवारी तिकडे जाईन. आणि आपला बाक रिकामा नको म्हणून वर गॅलरीत कोंबून बसणाऱ्या एका विधवेला पोरांसकट देऊन टाकला होता. याला मोठं मन लागतं, असं डीकन म्हणाला आणि मासा या हातातून त्या हातात घेऊन आपल्या वाटेनं गेला. जोथम तिथंच उभा राहिला. केझायाची ती मावसबहीण दोन हिवाळ्यांपूर्वीच नवऱ्याबरोबर दूर उत्तरेला मेन प्रांतातल्या जंगलपट्टीत राहायला गेली होती. चार्ल्सटाऊनला आता तिचं कुणीही उरलं नव्हतं.

आणि केझाया दर रविवारी घंटा झाली की भजनांचं पुस्तक काखेत मारून घराबाहेर पडत होती. गेल्या रविवारी बाहेर पडली होती, त्याच्या आदल्या रविवारीही. दुपारी परत येत होती. जोथमनं तिला कधी विचारलं नव्हतं आणि तिनं कधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ती खोटं बोलली असंही म्हणता येत नव्हतं. खोटं बोलला होता तो. 'मानवलं की,' इतक्या सहज. जगाला बरं वाटावं म्हणून तोंडातून निघणारा एकेक शब्द म्हणजे माणसानं स्वतःच्या गळ्यात बांधलेला धोंडा, असं तो गावोगावच्या व्याख्यानांत सांगत असे, आणि आज मासळीच्या वासात उभं राहून त्यानं तो धोंडा आपण होऊन बांधून घेतला होता. याची लाज वाटायला हवी होती. बायकोचा राग यायला हवा होता, निदान संशय तरी. घराकडे चालताना त्यानं स्वतःच्या आत डोकावून पाहिलं, कारण तीच त्याची सवय होती, नव्हे, तोच त्याचा धंदा होता. आत काही नव्हतं. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय आपला वाटेनासा होतो, तसं काहीतरी छातीत झालं होतं. मुंग्यासुद्धा येत नव्हत्या.

काही वर्षांपूर्वी त्यानं चर्च सोडलं ते काही गुपचूप नव्हे. त्या चर्चमध्ये घराघराचा आपापला बाक होता, कमरेइतक्या फळ्यांनी चारी बाजूंनी बंद केलेला, त्याला दार आणि दाराला पितळी कडी. थेअरांचा बाक आजोबांनी विकत घेतलेला, अगदी पुढच्या रांगांतला. एका रविवारी प्रार्थना चालू असताना जोथमला स्पष्ट जाणवलं की हे शब्द आपले नाहीत, आपल्याला यातलं काहीच आत लागत नाही. सगळे डोळे मिटून उभे असताना त्यानं दार ढकललं. दार मागच्या फळीवर धाडकन आपटलं. सगळ्यांचे डोळे उघडले. मधल्या वाटेनं तो एकटा चालत गेला, आणि पायरीवर पोचल्यावर, मागं धावत आलेल्या दोघातिघांना त्यानं सांगितलं की माझा आतला आवाज मला बोलवील तोवर या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही. शहरभर महिनाभर तोच विषय होता. शाळेतली नोकरी गेली. लॅटिनच्या शिकवण्या उरल्या, आणि थोड्याच दिवसांत व्याख्यानांची बोलावणी यायला लागली. त्या आपटलेल्या दाराचा आवाज त्याला अजून ऐकू येई. आपल्या आयुष्यात आपण केलेला तेवढाच एक खरा आवाज, असं त्याला कधी कधी वाटे.

त्याच्यासारखे आणखीही होते. शहरात त्यांचं एक मंडळच होतं. प्रत्येक जण जगापेक्षा निराळा, आणि सगळे मिळून एकमेकांसारखे: गळ्याशी उघडे शर्ट, खांद्यापर्यंत केस, कॉफी वर्ज्य, डुकराचं मांस वर्ज्य, आणि बैठकीत कुणी काही विचारलं तर लगेच उत्तर द्यायचं नाही, आतून येईल तेव्हा बोलायचं, नाही आलं तर बसून राहायचं. एकदा एका बैठकीत वरच्या माळ्यावरून धुराचा वास येत होता तरी बराच वेळ कुणीच उठलं नाही. जो तो आतून काही येतंय का ते बघत होता. शेवटी घरमालकाच्या स्वयंपाकिणीनं बादली नेली. ही गोष्ट केझायानं ऐकली तेव्हा ती चुलीवर काहीतरी ढवळत होती, आणि ढवळता ढवळता तिचे खांदे हलले होते. ती हसत होती हे जोथमला पाठमोरंच कळलं होतं.

केझाया त्याच्या एका व्याख्यानात होती. म्हणजे सभागृहात नव्हे, शब्दांत. 'माणूस एकटा उभा राहतो तेव्हा' हे त्याचं सगळ्यांत मागणी असलेलं व्याख्यान, आणि त्याच्या मध्यावर तो नेहमी आवाज खाली आणून सांगे: "मला अगदी जवळची एक बाई ठाऊक आहे. चांगली आहे, कष्टाळू आहे. मी तो बाक सोडून निघालो तेव्हा ती माझ्याबरोबर उठली नाही. माझ्यावर रागावलीही नाही. तिनं काय केलं? हात लांब केला, उघडं राहिलेलं दार हलकेच ओढलं, आणि कडी लावली." इथं लोक हसत. मोठ्यानं नाही, प्रेमानं. प्रत्येकाच्या घरात अशी कुणीतरी कडी लावणारी होती. मग तो म्हणे, "घंटा झाली की ती जाते. ती स्वतः तिथं असते का, हे तिनं स्वतःला एकदाही विचारलेलं नाही." यावर हसू थांबे आणि सभागृहात एक जडपणा येई, तो त्याला आवडे. केझायानं ते व्याख्यान कधी ऐकलं नव्हतं, पण त्यात काय आहे ते तिला माहीत होतं. बोस्टनमध्ये अशा गोष्टी दुसऱ्या दिवशी दारात दुधाबरोबर येतात.

शनिवारी नेहमीप्रमाणे तिनं शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या घेवड्याची दोन मडकी तयार केली: एक घरातल्या दोन भाडेकरूंसाठी आणि स्वतःसाठी, खारवलेलं डुकराचं मांस आणि काकवी घातलेलं, दुसरं त्याच्यासाठी, बिनमांसाचं. दोन्ही मडकी रात्रभर भट्टीत राहण्यासाठी बेकरीवाल्याकडे जायची आणि रविवारी सकाळी परत यायची. जोथम दाराशी उभा राहून तिच्याकडे पाहत होता. आपल्या एका मतापायी हिला दर शनिवारी एक मडकं जास्त घासावं लागतं हे त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आलं, आणि लक्षात येऊनही पुढं काही झालं नाही. विचार आला आणि एखाद्या पाहुण्यासारखा टोपी हातात धरून उभाच राहिला, कुणी त्याला बसायला सांगितलं नाही. केझायाचे हात कोपरापर्यंत लाल होते. या बाईला मी ओळखतो असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो. त्यानं विचारलं, उद्या थंडी असेल का. ती म्हणाली, असेल.

रविवारी घंटा झाली. केझायानं टोपीची फीत हनुवटीखाली बांधली, पुस्तक घेतलं आणि निघाली. थोड्या वेळानं जोथम निघाला. कुणाच्या मागावर जाणं ही त्याच्या तत्त्वात न बसणारी गोष्ट होती; दुसऱ्याच्या आत्म्याच्या अंगणात पाय टाकू नये, हेही त्यानंच सांगितलेलं. पण पाय निघाले. चर्चच्या वळणाशी ती थांबलीसुद्धा नाही. सगळं शहर घंटेकडे चाललं होतं, काळे कोट, घड्या मोडू नयेत म्हणून जपून चालणारी मुलं, आणि त्या सगळ्यांतून उलट्या दिशेनं केझाया चालली होती, घाई नाही, संकोच नाही. लोक तिला वाकून नमस्कार करत होते आणि तीही करत होती. डांबराच्या वखारी मागं पडल्या, दोरखंडवाल्यांची ती लांबच लांब शेड मागं पडली, आणि ती धक्क्याजवळच्या एका जहाजबांधणीच्या आवारात शिरली. रविवार म्हणून आवार बंद होतं, पण फळ्यांच्या कुंपणाला एके ठिकाणी फट होती आणि ती फट तिच्या ओळखीची होती. जोथम फटीशीच थांबला. आत अर्धवट सांगाडा उभा असलेलं एक जहाज, आणि त्याच्या पलीकडे ओकच्या फळ्यांची रास, पाण्याकडे तोंड करून. केझाया त्या राशीवर बसली. टोपी काढून बाजूला ठेवली. भजनांचं पुस्तक टोपीवर ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून. खिशातून कालच्या काळ्या पावाचा तुकडा काढून ती सावकाश खायला लागली, आणि तो संपल्यावर हात मांडीत ठेवून बसून राहिली.

एवढंच. कुणी आलं नाही. जोथम वाट पाहत होता, आणि कुणी यावं असंही त्याला वाटून गेलं, कारण कुणी आलं असतं तर ही गोष्ट त्याला समजणारी झाली असती. ती प्रार्थना करत नव्हती, रडत नव्हती. पाण्याकडेही ती विशेष बघत होती असं नाही. केस पांढरे झालेले त्याला इतक्या लांबून दिसले, घरात दिसले नव्हते. ज्या गोष्टीवर त्यानं इतकी वर्षं भाषणं दिली, ती गोष्ट तिथं फळ्यांच्या राशीवर बसून पाव खात होती आणि तिला स्वतःचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. इथं अंधार दिव्यालाच होता. त्याचे पाय गारठून गेले. पुन्हा त्यानं आत डोकावून पाहिलं. आत एक वाक्य तयार होत होतं. 'मी एका बाईला पाहिलं...' असं ते सुरू होत होतं. तो घाईघाईनं परत फिरला.

दुपारी भाडेकरू जेवून वर गेल्यावर केझाया त्याच्या ताटलीत घेवडा वाढता वाढता म्हणाली, "आज मागं मागं आलात."

जोथमनं डीकनचं सगळं सांगितलं, मासळीबाजारासकट.

"मग घरात विचारायचं होतं. कुंपणाशी उभं राहून सर्दी व्हायची."

"तू तिथं काय करतेस, केझाया?"

"काही नाही. बसते."

"पण काय विचार करतेस?"

"काहीच नाही. म्हणून तर जाते." तिनं मडक्यावर झाकण ठेवलं. त्यानं विचारलं, इतके महिने हे मला सांगितलं का नाहीस, मला तर आनंदच झाला असता. तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघत म्हणाली, "अहो, सांगितलं असतं तर तुम्ही त्याचं भाषण केलं असतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. बाहेर ओल आहे, बूट पुसून या, असं ती ज्या सुरात म्हणे, त्याच सुरात तिनं हे म्हटलं. जोथमनं शब्द दिला की ही गोष्ट कधीही कुठंही बोलणार नाही. ती मान हलवून भांडी गोळा करायला लागली आणि मग, पाठ वळवून, म्हणाली की यायचं असेल तर तुम्हीही या एखाद्या रविवारी, रास लांब आहे. "पण तिथं बोलायचं नाही. आणि परत आल्यावरही नाही." लग्नानंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांनंतर तिनं त्याला कुठं चला म्हटल्याचं जोथमला आठवेना. तीच त्याला कुठं कुठं निघालेलं पाहत, दार लावत आली होती. या वेळी ती दार उघडत होती, इतकं त्याला कळलं. ते चुकवलं तर दुसरं नाही, हेही कळलं. कळायचं सगळं डोक्यात होत होतं आणि मानेखाली उतरत नव्हतं.

पुढच्या रविवारी दोघं गेली. फटीतून आत जाताना तिनं त्याच्या कोटाचा अडकलेला कोपरा सोडवला. फळ्या थंडगार होत्या. तिनं टोपी काढली, पावाचे दोन तुकडे केले, मोठा त्याला दिला. चर्चकडून भजनाचा आवाज वाऱ्याबरोबर येई आणि जाई. जोथम बसला. बसायचं म्हणजे काय करायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पाण्यात एक पिंप तरंगत होतं, ते धक्क्याला लागे आणि मागं सरे. 'जो माणूस काहीच मागत नाही त्याच्याशी जग...' त्यानं ते वाक्य खाली दाबलं. दुसरं वर आलं. एका क्षणी मात्र, पिंप धक्क्याला लागून थांबलं तेव्हा, वाक्य आलं नाही. त्याला पावातल्या काकवीची चव लागली, केझायाच्या शालीचा ओला वास आला, आणि आपला खांदा तिच्या खांद्याला टेकलाय हे कळलं. बधिर पायात पहिली मुंगी यावी तसं झालं. दुखलं. लगेच त्याला वाटलं, हे, हेच ते. आणि वाटल्याबरोबर ते गेलं. परतताना दोघं बोलली नाहीत. घराच्या पायरीशी केझाया नुसतीच हसली, आणि तिचं ते हसू पाठमोरं नव्हतं.

बुधवारी सेलमला व्याख्यान होतं. तेच, मागणी असलेलं. सभागृहात व्हेलच्या तेलाचे दिवे, ओल्या लोकरीचा वास, पुढच्या रांगेत विणकाम मांडीवर घेतलेल्या बायका. शब्द आपापले येत होते; जोथमला त्यात फारसं लक्ष घालावं लागत नसे. आवाज जिथं खाली आणायचा तिथं तो आपण होऊन खाली आला. "तिनं काय केलं? हात लांब केला, उघडं राहिलेलं दार हलकेच ओढलं, आणि..." काही चेहऱ्यांवर हसू आधीच येऊन थांबलं होतं, त्यांनी मागच्या हिवाळ्यातही हे ऐकलं होतं. आणि जोथमला पुढचं म्हणता येईना. शब्द समोर होता, जिभेवर होता. तो म्हटला तर खोटं होतं, कारण कडी लावून बसलेली ती बाई आता त्या बाकात नव्हतीच, आणि खरं सांगायचं तर केझायाला दिलेला शब्द मोडत होता. दोन्हीकडून वाट बंद. तो उभा राहिला. दिव्यांची फुरफुर ऐकू येत होती. विणकामाच्या सुया थांबल्या. त्याला घाम फुटला नाही, भीती वाटली नाही. आत एक रिकामी खोली होती आणि त्या खोलीत तो उभा होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यानं बाकीचा तो परिच्छेद गाळून पुढचा धरला आणि व्याख्यान संपवलं.

आता हे लोक हसतील, निदान कुजबुजतील, असं त्याला वाटलं. एकही टाळी वाजली नाही आणि मग सगळ्या एकदम वाजल्या. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत पुढं आले आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले की मी खूप वक्ते ऐकले, पण आतला आवाज येईपर्यंत भर सभेत थांबायचं धैर्य आज पाहिलं. दुसऱ्या एका बाईंना त्या शांततेत त्यांची वारलेली बहीण भेटली होती. जोथम सांगायला गेला की मी नुसता अडकलो होतो. "मी काही..." एवढंच तो म्हणाला, आणि बाईंनी बोट ओठांवर ठेवून मान हलवली, आता ते शब्दांत आणूच नका. पोर बोलता बोलता अडखळावं आणि घरच्यांनी ऋषी म्हणून त्याच्या पाया पडावं, तशी गत झाली. परतीच्या गाडीत खिडकीच्या काचेला डोकं टेकून तो बसला. आपण शब्द पाळला, असं तो स्वतःला सांगत होता. ते खरंही होतं.

दोन दिवसांनी वूस्टरला व्याख्यान होतं. तिथल्या व्याख्यानमालेचे चिटणीस राउंडी नावाचे होते, उत्साही गृहस्थ. स्टेशनवर घ्यायला आले तेच मुळी बोलत. सेलमचं सगळं त्यांच्या कानावर आलं होतं. "थेअर, तुम्हाला काही सांगायला आम्ही कोण," ते चिखलातून वाट काढत म्हणाले, "पण आमच्या लोकांनाही ते मौन लाभलं तर बरं. अर्थात आतून आलं तरच." अर्थात, असं जोथम म्हणाला. मंचावर चढताना त्यानं काहीही ठरवलं नव्हतं. ठरवलं नव्हतं हे त्यानं पुढंही अनेकदा स्वतःला सांगून पाहिलं. "हात लांब केला, उघडं राहिलेलं दार हलकेच ओढलं, आणि..." इथं तो थांबला. या वेळी शब्द अडला नव्हता. गाळून पुढं जाता आलं असतं. मुळात ती गोष्टच सोडून देता आली असती. तो थांबला, आणि थांबल्यावर सेलमसारखी ती रिकामी खोली येईल म्हणून वाट पाहिली. ती आली नाही. मग त्यानं डोळे अर्धवट मिटून फळ्यांची रास आठवली. पिंप आठवलं, पावाची चव, ओली शाल, खांदा. एकेक गोष्ट तो पुढं मांडत गेला तसा सभागृहाचा श्वास बदलत गेल्याचं त्याला कळत होतं. आणखी थोडं, त्याला वाटलं. तिसऱ्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. तेव्हा त्यानं डोळे उघडले.

वूस्टरला शेजारच्या मिसेस टिल्डनची बहीण राहत होती, त्यामुळे शनिवारी ती बातमी बेकरीवाल्याकडच्या रांगेत पोचली. केझाया मडकी देऊन परतली तेव्हा मिसेस टिल्डन तिच्याबरोबर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत बोलत आली. बहीण म्हणे रडली. तिचा नवरा, जो स्वतःच्या आईच्या मयतीला रडला नाही, तोही. "तुमचे हे मधेच थांबतात म्हणे, आणि सगळं सभागृह रडतं. आमचे हे म्हणतात, तोंडात मूग धरून उभं राहायला वूस्टरचे लोक बोलावतात होय, मी तर घरात फुकट उभा असतो." ती हसत हसत गेली. जोथम पुस्तक उघडं धरून बसला होता. केझायानं शाल खुंटीला लावली, हात धुतले, पुसले.

"कुठं थांबता?" तिनं विचारलं.

जोथमनं सांगितलं, "दाराच्या गोष्टीपाशी. कडीच्या आधी. मला पुढचं म्हणवेना, केझाया. खोटं होतं ते. आणि तुला शब्द दिला होता. मी एक अक्षर बोललो नाही."

"सेलमला?"

"सेलमला."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ आलं, त्यानं ते पाहिलं. मग ती म्हणाली, "आणि वूस्टरला?"

जगाला बरं वाटावं म्हणून बोलायचा एखादा शब्द असेल तर तो इथं कामी आला असता. जोथमला तो सापडला नाही. तो गप्प बसला, आणि हे तिसरं मौन ऐकायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

"एकदा चाललं असतं," केझाया म्हणाली. तिनं दिव्याची वात कमी केली. "म्हणजे केलंतच शेवटी भाषण."

त्यानं माफी मागितली. ती म्हणाली, माफी कसली, तुमचा तो धंदाच आहे, सुताराच्या अंगाला भुसा लागायचाच. ती रागावली असती तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं.

रविवारी सकाळी घंटा झाली. मडकी भट्टीतून आली होती, दोन, नेहमीसारखी. केझायानं टोपी बांधली. जोथमही उठून कोट अंगात चढवायला लागला. एक बाही चढली होती.

"मी आज चर्चला जातेय," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"आपल्या. त्या बाईला आणि पोरांना थोडं सरकून बसायला सांगेन. बाक मोठा आहे."

"पण तुला तिथं... केझाया, तुझा त्यावर विश्वास आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "पण तिथं तुम्ही येणार नाही."

ती गेली. जोथम एक बाही चढवलेला तसाच उभा राहिला, मग दुसरी चढवून तोही बाहेर पडला. आज तिच्या मागं जाताना लपायची गरज नव्हती; ती वळून पाहत नव्हती आणि दोघंही सगळं शहर जात होतं त्याच दिशेनं जात होती. तिनं पायऱ्या चढल्या. दारात डीकन होल्ब्रुक उभा होता, त्यानं टोपी काढून तिला वाट दिली, आणि रस्त्यापलीकडे जोथमला पाहिलं. डीकनचा चेहरा आश्चर्यानं आणि मग खऱ्या आनंदानं भरून आला. त्यानं हात पुढं केला, दोन पायऱ्या उतरून खाली आला, या, असं म्हणत. कुणी हसलं नसतं. कुणी त्याच्या जुन्या वाक्याची आठवण करून दिली नसती. म्हाताऱ्याला तर ते आठवतही नव्हतं. मधे फक्त एक रस्ता होता, आणि तिच्या बाकात पोरांच्या शेजारी आणखी एक जण मावला असता. जोथमला आत जायचं होतं का? तो आतून काही येतंय का ते पाहू लागला. आधी आतून यायला हवं, मग पाऊल. असंच तो जगत आला होता, दुसरी रीत त्याला येतच नव्हती. त्यानं वाट पाहिली. डीकनही थोडा वेळ थांबला, मग हात खाली घेऊन आत गेला.

मोठं दार अजून उघडं होतं. आत घरंच्या घरं आपापल्या बाकांत शिरून बसत होती आणि बाकांची दारं मिटत होती. कट्, कट्, कट्, एकामागून एक, मधल्या वाटेनं पार पुढंपर्यंत पितळी कड्या पडत गेल्याचा आवाज येत होता. जोथम रस्त्यापलीकडे उभा राहून कान देऊन ऐकत होता. त्यातली केझायाची कुठली, ते त्याला ओळखता येईना.